चिलापीच्या टाकीवर दिव्यांचा दिवस : पुण्याच्या हवामानात कधी लावावा, किती लांबवावा, कुठे सोडून द्यावा

चिलापी, म्हणजे तिलापिया, पाळणाऱ्यांना एक टप्पा चांगला ठाऊक असतो. बोटुकली, म्हणजे बोटभर आकाराची पिल्लं, सोडल्यावर तीन-चार महिने मासा झपाट्याने वाढतो आणि मग साठ-ऐंशी-शंभर ग्रॅमच्या आसपास वजन अडून बसतं. खाद्य तेवढंच, हवा तेवढीच, पाण्यातही खोट नाही. मग एके सकाळी टाकीच्या कडेला बारीक पिल्लांचा थवा दिसतो आणि उलगडा होतो. मासा वयात आला, गाभोळी धरू लागला.

यात तोटा दोन बाजूंनी होतो. मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं मोकळी सुटेपर्यंत दहा-बारा दिवस जवळजवळ उपाशी राहते. सावरते न सावरते तोच पुन्हा गाभोळी भरते. नर जागा अडवून बसतो, इतरांना हुसकावतो, त्याचंही खाल्लेलं अंगी लागत नाही. भर म्हणून बिनबोलावलेली हजारो पिल्लं त्याच टाकीतलं खाद्य आणि प्राणवायू वाटून घेतात. भिगवणच्या आडतीवर असो की पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात, भाव आकारावर ठरतो. शंभर ग्रॅमला थांबलेला मासा मालकाला काही देत नाही.

उजेडाने जनावराचं किंवा पिकाचं वय सांभाळायची कल्पना आपल्याकडे नवी नाही. अंड्यांवरच्या कोंबड्यांना रोज सोळा तास उजेड देणं हे पोल्ट्रीतलं रोजचं काम आहे. शेवंतीने लवकर कळी धरू नये म्हणून पॉलिहाउसमध्ये रात्री दिवे लावतात. माशांमध्ये ही पद्धत सर्वात पक्की बसली ती सॅमनमध्ये. समुद्रातल्या पिंजऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत रात्रंदिवस दिवे ठेवले, तर त्या वर्षी वयात येणाऱ्या सॅमनचं प्रमाण घटतं आणि वाढ सुधारते. युरोपातल्या सी-बासमध्ये सततच्या उजेडाने अकाली वयात येणारे नर कमी होतात, कॉडमध्ये गाभोळी लांबणीवर पडते. रेनबो ट्राउटची अंडी वर्षभर मिळतात तीही दिवसाची लांबी हवी तशी फिरवून. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात नायल ब्रोमेज यांनी या विषयाला वाहून घेतलं होतं.

हे सगळं थंड प्रदेशातलं. पुण्यात त्यातलं किती लागू पडतं आणि ते टाकीवर कसं उतरवायचं, ते आता क्रमाने पाहू.

आधी ठरवा : तुम्हाला याची गरज आहे का?

रोहू, कटला, मृगळ पाळत असाल तर दिव्यांचा खर्च करू नका. हे मासे साचलेल्या पाण्यात आपण होऊन विणत नाहीत. म्हणून तर १९५७ साली १० जुलैला ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचं इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवली, तेव्हा भारतीय मत्स्यशेतीचं रूपच पालटलं. तो दिवस आजही राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. शिवाय हे मासे साधारण दुसऱ्या वर्षी वयात येतात, त्याआधी ते विकले गेलेले असतात. पंगासचंही तेच, त्याला वयात यायला आणखी जास्त काळ लागतो.

एकलिंगी, म्हणजे सगळे नर असलेलं गिफ्ट (निवडीने सुधारलेल्या वाणाच्या) तिलापियाचं खात्रीचं बीज घेत असाल, तर गाभोळीचा प्रश्न बियाणाच्या टप्प्यावरच बराचसा मिटलेला असतो. तिथे दिव्याचा उपयोग फक्त लहान पिल्लांची वाढ उचलण्यापुरता. दिव्यांची खरी गरज मिश्र बीजाला. नर म्हणून घेतलेल्या बीजात माद्या मोठ्या संख्येने निघू लागल्या, तरी हीच वेळ येते. तिलापिया पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात कोणत्या बीजाला आणि कोणत्या अटींवर मान्यता आहे, हे दिव्यांची चौकशी करण्याआधी लेखी घ्या. माझं स्पष्ट मत असं की नवी सुरुवात करणाऱ्याने पैसा आधी चांगल्या एकलिंगी बीजावर घालावा. दिवा खराब बीजाची भरपाई करू शकत नाही.

उघड्या शेततळ्यावर हा विषय सोडून द्या. वीस गुंठ्यांचं तळं म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटर. त्यावर पाचशे लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पाडायचा तर साधारण वीस किलोवॅटचे दिवे लागतील. ते परवडणार नाही. हे काम छताखालच्या टाक्यांचं : ताडपत्रीच्या बायोफ्लॉक टाक्या (ज्यांच्या पाण्यातच जिवाणूंचे गुच्छ, म्हणजे फ्लॉक, वाढवतात), पाणी फिरवून वापरणाऱ्या आरएएस शेड, सिमेंटचे हौद.

मासा उजेड कसा वाचतो

माशाच्या डोक्यावर, कवटीच्या पातळ भागाखाली पिनिअल ग्रंथी असते. तिच्यापर्यंत उजेड थेट पोहोचतो. अंधार पडला की ती मेलाटोनिन स्रवते, उजेड झाला की थांबते. मेलाटोनिनची ही रोजची भरती-ओहोटी म्हणजे शरीराला मिळणारा रात्रीच्या लांबीचा निरोप. पुढे मेंदूतली किसपेप्टिन आणि जीएनआरएच ही संप्रेरकं, पीयूष ग्रंथीतली एफएसएच आणि एलएच, आणि शेवटी अंडाशय किंवा वृषण, अशी साखळी आहे. उजेडाचा मार्ग एवढा एकच नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली मासू सॅमनच्या मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटा अवयवही दिवसाची लांबी मोजतो, असं दाखवलं.

वाढीचा धागा वेगळा आहे. लांब दिवसात मासा जास्त वेळ खातो हे खरं, पण काही प्रजातींत वाढीची संप्रेरकंही त्याबरोबर चढतात. आणि जी शक्ती गाभोळीत गेली असती ती मांसात राहते.

सॅमनवाल्यांच्या अनुभवातली एक गोष्ट आपल्याला फार उपयोगाची आहे. सततचा उजेड वयात येणाऱ्यांची संख्या घटवतो, पण ज्या माशांनी आधीच गाभोळीची वाट धरली आहे त्यांना तोच उजेड आणखी घाई करायला लावतो आणि ते ठरल्या वेळेआधी तयार होतात. म्हणून दिवा कधी लावला, याला तो किती प्रखर आहे यापेक्षा जास्त महत्त्व आहे. उशिरा लावलेला दिवा उलटा पडू शकतो.

आता पुणे. आपण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर. इथला सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वात लहान अकरा तासांचा, म्हणजे फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. नॉर्वेच्या बर्गनमध्ये हाच दिवस हिवाळ्यात सुमारे सहा तासांचा आणि उन्हाळ्यात सुमारे एकोणीस तासांचा असतो. तिथला मासा वर्षाचं पंचांग दिवसाच्या लांबीवरून वाचतो. चिलापी मूळची आफ्रिकेतली. पाणी बावीस-चोवीस अंशांच्या वर असलं की ती ऋतूची वाट न पाहता चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने विणू शकते. त्यामुळे दिव्याने तिची गाभोळी लांबवता येते, मंदावता येते, कायमची बंद करता येत नाही. एवढी अपेक्षा ठेवूनच कामाला लागा.

पहिली पायरी : ऊब

दिवे आणण्याआधी थर्मामीटर आणा. पहाटे सहाला आणि दुपारी तीनला टाकीच्या पाण्याचं तापमान दोन आठवडे लिहून ठेवा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीची हवा दहा-बारा अंशांवर येते, कधी त्याहूनही खाली. ताडपत्रीची टाकी चारही बाजूंनी ही थंडी घेते. चिलापीला २७ ते ३० अंश मानवतात. विसाच्या खाली तिचं खाणं झपाट्याने घटतं, आणखी गार झालं की ती खाणंच टाकते.

न खाणाऱ्या माशाला अठरा तासांचा दिवस देऊन वाढ होत नाही. पहाटेचं तापमान चोवीसच्या खाली जात असेल, तर आधी टाकीला बाहेरून थर्माकोल किंवा जुन्या गोणपाटाचं आवरण द्या, शेडला पारदर्शक पॉलिथिन लावा, रात्री पाण्यावर झाकण ओढा, ब्लोअर बाहेरची गार हवा ओढत असेल तर त्याची जागा बदला. हे जमत नसेल तर दिव्यांची बॅच फेब्रुवारीअखेरीस सुरू करा. माझ्या मते पुण्यात पहिल्यांदा करणाऱ्याने तसंच करावं. मार्च ते जून पाणी आपोआप उबदार असतं आणि जे दिसेल ते दिव्यामुळे की तापमानामुळे, असा घोळ राहत नाही.

दुसरी पायरी : किती तासांचा दिवस?

इथे लोक सर्वात जास्त गोंधळतात, कारण पिल्लू, वाढता मासा आणि वीण देणारा मासा यांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

इजिप्तमधल्या संशोधकांनी २००४ साली नाईल तिलापियावर काम प्रसिद्ध केलं. अगदी लहान पिल्लांना १८ आणि २४ तास उजेड दिला तेव्हा ६ आणि १२ तासांपेक्षा वाढ आणि खाद्याचा उतारा दोन्ही सुधारले. बोटुकलीच्या आकाराला मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. तुर्कस्तानात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या कामात २४ तासांच्या सततच्या उजेडात वाढ जास्त झाली आणि जननग्रंथींचा विकास मागे पडला.

याच्या बरोबर उलट बाजू जननसाठ्याची, म्हणजे वीण देणाऱ्या मोठ्या माशांची. कुवेतमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १८ तास आणि २५०० लक्स उजेडात बीज सर्वात जास्त मिळालं. इजिप्तच्या २००७ च्या कामात विणीला १२ तास उजेड आणि १२ तास अंधार हे वेळापत्रक सर्वात चांगलं ठरलं. दोन निष्कर्ष जुळत नाहीत, पण आपल्याला लागणारा धडा दोन्हींत आहे : गाभोळी लांबवायची म्हणून मोठ्या माशांना अठरा तास उजेड दिलात, तर वीण वाढण्याचीही शक्यता आहे.

म्हणून मी असं सुचवेन. नर्सरीत, पाचेक ग्रॅमपर्यंत, १८ तास उजेड आणि ६ तास अंधार. त्या वयात गाभोळीचा प्रश्नच नसतो आणि पिल्लांना थोडी विश्रांतीही मिळते. मिश्र बीज असेल तर पाच ते दहा ग्रॅमच्या दरम्यान २४ तासांवर जा आणि विक्रीपर्यंत तिथेच राहा. चिलापी खुरटलेल्या स्थितीत तीस-पन्नास ग्रॅमलाही वयात येते, त्यामुळे पन्नास ग्रॅमची वाट पाहिलीत तर उशीर झालेला असेल. सगळे नर असतील तर नर्सरीनंतर दिवे बंद केले तरी चालेल.

तिसरी पायरी : अंधार तपासा

अठरा-सहाचं वेळापत्रक ठेवणार असाल तर ते सहा तास खरोखर काळोखाचे हवेत. रस्त्याचा दिवा, शेजारच्या कारखान्याचा फ्लडलाइट, राखणदाराने दारात लावलेला हॅलोजन, हे सगळं पाण्यावर पडतं. रात्री दिवे घालवून टाकीजवळ दहा मिनिटं उभे राहा. डोळे सरावल्यावर हातातल्या कागदावरची अक्षरं लागली, तर तो अंधार नाही. हिरव्या शेडनेटने उजेड अडत नाही. काळं जाड प्लास्टिक किंवा सिलपॉलिन लावा आणि वारा खेळायला वर पट्टी मोकळी सोडा, नाहीतर शेडमध्ये दमट कोंदटपणा येतो. रात्री मासे बघायला टॉर्च मारत फिरायची सवयही मोडा. चोवीस तासांच्या टाकीला ही अडचण नाही, पण तिचा उजेड शेजारच्या अठरा तासांच्या टाकीवर सांडू देऊ नका.

चौथी पायरी : दिवे किती आणि कसले

हिशोब अवघड नाही. चार मीटर व्यासाची टाकी म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग साडेबारा चौरस मीटर. पाण्यावर पाचशे लक्स हवे असतील तर साडेबारा गुणिले पाचशे, म्हणजे सव्वासहा हजार ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) पाण्यावर पडायला हवेत. दिव्यातून निघालेल्यातला साधारण निम्मा उजेड इकडे-तिकडे जातो, म्हणून साडेबारा हजार ल्युमेनचे दिवे घ्या. चांगला एलईडी वॅटला शंभर ल्युमेन देतो, तेव्हा सव्वाशे वॅट झाले. प्रयोगशाळेतल्या २५०० लक्सच्या मागे लागलात तर हाच आकडा सव्वासहाशे वॅटवर जातो. स्वच्छ पाण्याच्या टाकीत त्याची गरज दिसत नाही. माशाची पिनिअल ग्रंथी मंद उजेडालाही दाद देते.

बायोफ्लॉकमध्ये अडचण वेगळी. पाणी चहासारखं दाट. सेकी तबकडी, म्हणजे दोरीला बांधलेली वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी थाळी, वीस सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी झाली, तर एक मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या उजेडाचा पाच हजारावा हिस्साही मोठ्या मुश्किलीने पोहोचतो. वर पाचशे लक्स असले तरी तळाशी चांदण्याएवढा उजेड. तिथे बसून राहिलेल्या माशाला रात्रच आहे. यावर वॅट वाढवत नेणं हा उपाय नाही. फ्लॉक आटोक्यात ठेवा : इमहॉफ कोनमध्ये (तळाशी निमुळत्या, खुणा केलेल्या भांड्यात) रोज मोजा, वाढला तर सेटलिंग टाकीतून काढा. हवेचे दगड असे मांडा की तळाचं पाणी आणि मासे दोन्ही सतत वर-खाली होत राहतील. जमल्यास एक-दोन दिवे पाण्यात अर्ध्या मीटरवर सोडा. आरएएसच्या स्वच्छ पाण्यात ही कटकट नसते. निव्वळ गाभोळी लांबवण्यासाठी दिवे लावायचे असतील, तर मी बायोफ्लॉकपेक्षा आरएएसला झुकतं माप देईन.

रंगाबद्दल विक्रेते निळा दिवा सुचवतात, कारण समुद्रातल्या स्वच्छ पाण्यात निळा-हिरवा उजेड सर्वात खोल जातो. आपल्या टाकीतलं पिवळसर-तपकिरी पाणी निळा उजेडच आधी गिळतं. साधा पांढरा किंवा हिरवट पांढरा घ्या.

दिवे पाण्यापासून मीटर-सव्वा मीटरवर, एकाच मोठ्या फोकसऐवजी चार ठिकाणी वाटून लावा. सावलीचा कोपरा राहिला की मासे तिथे गर्दी करतात. लक्स मोजायला साधं लक्समीटर घ्या. मोबाइलवरचं ॲप दोन कोपऱ्यांची तुलना करण्यापुरतं ठीक.

पाचवी पायरी : वीज, आणि जिवाची काळजी

ओल्या जमिनीवर, ओल्या हाताने, पाण्यात हात घालून काम करायचं आहे. यात काटकसर नको.

दिव्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच) लावून घ्या, अर्थिंग नवीन करून मोजून घ्या. वरचे दिवे किमान आयपी ६५ (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा), पाण्यात जाणारे आयपी ६८ आणि फक्त १२ किंवा २४ व्होल्ट डीसीवर चालणारे. त्यांचा पुरवठा करणारा डबा टाकीपासून दूर, भिंतीवर, उंचावर. वायर दिव्याकडे येताना खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी होल्डरमध्ये शिरत नाही. टाकीत उतरायचं असेल तेव्हा मुख्य बटण बंद आणि किल्ली स्वतःच्या खिशात. कामाला येणाऱ्या प्रत्येकाला हे नियम समजावून सांगा, एकदा नव्हे, दर महिन्याला.

टायमर बॅटरी असलेला डिजिटल घ्या. तबकडी फिरणारा स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो. दोन तास वीज गेली की त्याचा दिवस दोन तासांनी सरकलेला, आणि आठवड्यात माशाच्या रात्री भलत्याच वेळी येऊ लागतात. चोवीस तासांच्या उजेडात मध्येच दीड-दोन तासांचा काळोख पडणं हाही माशासाठी निरोपच असतो. म्हणून इन्व्हर्टरवर टाकीमागे एक छोटा दहा-पंधरा वॅटचा दिवा कायम ठेवा. पण बॅकअपचा पहिला मान हवेचा. वीज गेल्यावर दाट बायोफ्लॉक टाकीतला प्राणवायू फार थोड्या वेळात संपतो. ब्लोअरचा बॅकअप पक्का नसेल तर दिव्यांचा विचारही करू नका.

सहावी पायरी : सुरुवात आणि रोजचं वेळापत्रक

काळोखात एकदम झळाळून दिवे लागले की चिलापी बिथरते, उड्या मारते, अंगाला जखमा होतात आणि जखमेवर बुरशी येते. दोन सर्किट करा. आधी छोटा दिवा, पंधरा-वीस मिनिटांनी मोठे. बंद करताना उलट क्रम.

अठरा तासांसाठी सोपं वेळापत्रक : दिवस सकाळी सहा ते रात्री बारा. हिवाळ्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून दिवे सकाळी सहा ते साडेसात आणि संध्याकाळी साडेपाच ते बारा. सूर्य आणि दिवा यांच्यात मध्ये अंधुक खाच राहू नये, एवढाच उद्देश. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे शेडच्या आत दिवसाही अंधार दाटतो. तेव्हा दिवे दिवसभर चालू ठेवणं बरं. एकदा ठरवलेली वेळ बॅच संपेपर्यंत बदलू नका. सणासुदीला कामगार नाहीत म्हणून दोन रात्री दिवे घालवणं, मग पुन्हा लावणं, यातून मिळालेलं बरंचसं हातचं जातं.

१८ तासांवरून २४ वर जाताना चार ते सहा दिवस रोज तास-दीड तास वाढवत गेलात तर मासे शांत राहतात.

सातवी पायरी : खाद्य आणि पाणी

दिवस लांबला म्हणून रात्रभर खाद्य टाकत बसू नका. रोजचं एकूण खाद्य माशाच्या वजनावर आणि तापमानावरच ठरवा, फक्त ते चार-पाच वेळांत पसरा. अठरा तासांच्या टाकीत शेवटचं खाद्य अंधाराच्या दोन तास आधी संपवा. दहा मिनिटांत संपलं नाही तर पुढच्या वेळी कमी.

मासे खरोखर जास्त खाऊ लागले की प्राणवायूची मागणी आणि अमोनिया दोन्ही चढतात. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू जाऊ देऊ नका, आणि तो पहाटे मोजा. दिवे लावल्यावर पहिले तीन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट एकदिवसाआड तपासा. खाद्यातल्या खनिजांकडेही लक्ष हवं. सॅमनमध्ये सततच्या उजेडाने जोरात वाढलेल्या माशांच्या मणक्यांची मजबुती काही काळ कमी आढळली आहे. चिलापीत पाठीला बाक आलेले मासे वाढताना दिसले, तर खाद्याच्या पोत्यावरचं फॉस्फरसचं प्रमाण बघा आणि गरज पडली तर खाद्य बदला.

आठवी पायरी : जोडीची टाकी

सर्वात जास्त कळकळीने सांगायची गोष्ट ही. एका टाकीला दिवे लावा आणि शेजारची टाकी नैसर्गिक दिवसावर ठेवा. बीज एकाच गाडीतलं, एकाच दिवशी सोडलेलं, संख्या सारखी, खाद्य त्याच पोत्यातलं. जोडीची टाकी नसेल तर बॅचच्या शेवटी मासा मोठा झालेला दिसेल आणि त्याचं श्रेय दिव्याचं, उन्हाळ्याचं की बियाणाचं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

दर पंधरा दिवसांनी दोन्ही टाक्यांतून जाळीने तीस ते पन्नास मासे काढा. कडेचेच न काढता मधलेही घ्या. सरासरी वजन, आणि सर्वात लहान व सर्वात मोठ्यातला फरक लिहा. मग प्रत्येक मोठ्या माशाचं तोंड हळूच उघडून पाहा. अंडी किंवा पिल्लं दिसली तर मोजा आणि मादी लगेच पाण्यात सोडा.

नर-मादी ओळखायला गुदद्वारामागचा उंचवटा पाहा. कापसाच्या बोळ्याने पोटॅशियम परमँगनेटचं किंवा शाईचं बोट लावलं की रेषा उठून दिसतात. गुदद्वार धरून नराला दोन छिद्रं, मादीला तीन, त्यातलं मधलं आडव्या चिरेसारखं. पंचवीस-तीस ग्रॅमनंतर हे सहज जमतं.

महिन्यातून एकदा दोन्ही टाक्यांतले पाच-सहा मासे कापून गाभोळीचं वजन करा. गाभोळीचं वजन भागिले माशाचं वजन, गुणिले शंभर. शंभर ग्रॅमच्या मादीत तीन ग्रॅम गाभोळी म्हणजे तीन टक्के. दिव्याच्या टाकीतला हा आकडा जोडीच्या टाकीपेक्षा सातत्याने कमी राहिला, तर तुमचा दिवा काम करतोय. तो सारखाच असेल किंवा जास्त असेल, तर अंधाराच्या खाचा, तळाचा उजेड आणि सुरुवातीच्या वेळचं माशांचं वजन, हे तीन मुद्दे या क्रमाने तपासा.

बीज तयार करणाऱ्यांसाठी थोडं

हॅचरीत उद्देशच उलटा. हिवाळ्यात बीज हवं असेल तर जननसाठ्याचं पाणी २७ ते २९ अंशांवर ठेवा, दिवस तेरा-चौदा तासांचा स्थिर ठेवा आणि उजेड २५०० लक्सच्या आसपास न्या. इथे प्रखरतेचा खर्च वसूल होतो, कारण टाकी लहान आणि पाणी स्वच्छ असतं. शिंगी माशावर दिल्ली विद्यापीठात सुंदरराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात केलेल्या कामातही उबदार पाणी आणि लांब दिवस यांच्या जोडीने गाभोळी हंगामाआधी भरली, आणि त्या जोडीत तापमानाचा वाटा मोठा होता. उष्ण प्रदेशातल्या माशांबाबत हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

धरणातले पिंजरे

उजनीतल्या पिंजऱ्यांवर दिवे लावावेत का, असं विचारणारे अनेक आहेत. माझं उत्तर, नको. तिथे वीज बॅटरीवर, पाणी हिरवं आणि गढूळ, दिव्यावर किड्यांचे ढग, आणि चोरांना लांबून दिसणारी खूण. शिवाय भिगवणच्या पाणथळीत हिवाळ्यात रोहित पक्षी आणि इतर पाहुणे उतरतात. त्यांच्या रात्रीत फ्लडलाइट घुसवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पिंजऱ्यात एकलिंगी बीजच सोडा.

खर्च जमतो का?

सव्वाशे वॅटचे दिवे रोज सहा तास जादा चालले तर पाऊण युनिट, चार महिन्यांचे नव्वद युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर सातशे वीस रुपये. चोवीस तासांच्या टाकीत दिवे रोज बारा-तेरा तास चालतात, तिथे दुप्पट, म्हणजे दीड हजाराच्या आसपास. त्यात दिवे, टायमर, आरसीसीबी यांचा खर्च तीन-चार बॅचवर वाटून घाला. तुमचा वीजदर वेगळा असेल तर तोच धरा.

अशा टाकीतून दोनशे किलो मासळी निघते असं समजा. दिव्यामुळे पाच टक्के वजन वाढलं तर दहा किलो जादा. त्यातून जादा खाद्याचे पैसे वजा करा. खरा फायदा बहुतेक वेळा वजनाच्या बेरजेत दिसत नाही, तो प्रतवारीत दिसतो : शंभर ग्रॅमला अडकलेले किती मासे दोनशेच्या पुढे गेले आणि आडतीवर कोणत्या ढिगात पडले. म्हणून विक्रीच्या दिवशी दोन्ही टाक्यांची मासळी वेगळ्या क्रेटमध्ये न्या, वेगळी तोलून घ्या आणि पावतीही वेगळी मागा. सलग दोन बॅचमध्ये दिव्याच्या टाकीची पावती खर्च वजा जाता पुढे राहिली, तर तिसऱ्या बॅचला जोडीच्या टाकीवरही दिवे चढवा. नाही राहिली तर दिवे काढून नर्सरीच्या टाकीवर लावा.